राहदारीचा कागद

आश्विनातील बालाजी महाराजांची यात्रा सरून देऊळगाव राजाच्या पेठेतील पाळणे आणि राहुट्या उठतात, त्याच सुमारास शिवारातले सोयाबीन खळ्यावरून बाजार समितीकडे निघते, पाठोपाठ कापसाची पहिली वेचणी होते, आणि मलकापुराकडून बुलढाणा, चिखली ओलांडून जालन्यास जाणारा रस्ता मालमोटारींच्या घरघरीने रात्रभर जागा राहतो. या गावाला रेल्वे नाही. जालन्याहून खामगावला जाणारा लोहमार्ग आमच्याकडून काढणार, ही वार्ता माझ्या आजोबांनी ऐकली, वडिलांनी ऐकली आणि मीही ऐकत आलो; मोजण्या होतात, निवेदने दिली जातात, आणि पुढची पिढी तीच वार्ता नव्या उमेदीने कानावर घेते. त्यामुळे धान्य, सरकी, बियाणे, जालन्याच्या सळया, सिमेंट, जे म्हणून आमच्याकडे येते किंवा आमच्याकडून जाते, ते टायरवर येते आणि टायरवरच जाते.

अशा दिवसांत एका संध्याकाळी मी वर्तमानपत्र परत करण्याच्या निमित्ताने वकीलकाकांच्या ओसरीवर टेकलो होतो. काकांचे वय ऐंशीच्या घरात. आयुष्यभर त्यांनी मोटार अपघातांचे दावे चालवले, आणि आता वकिली सोडल्यावरही गावातल्या निम्म्या गाडीमालकांची कागदपत्रे त्यांच्याच नजरेखालून जातात. तेवढ्यात शेठ आला. गाव त्याला शेठ म्हणते एवढेच. दोन दहा टायरी गाड्या आणि बँकेचे हप्ते हीच काय ती त्याची सावकारी. त्यातली एक गाडी थोरल्या भावाच्या नावावर, आणि तो भाऊ नुकताच गेलेला. शेठच्या डोक्यावरचे केस अजून धड वाढले नव्हते; टोपी काढून त्याने ती गुडघ्यावर ठेवली, पाणी घेतले, आणि काही वेळाने विषय काढला.

“काका, पुतण्याला छोटा हत्ती घेऊन द्यावा म्हणतो. दूध, भाजी, बियाण्याच्या पिशव्या, काहीतरी धंदा हातात राहील. त्याला परमिट काढावे लागेल का?”

“एकूण वजन किती?”

“मालासकट म्हणता? दोन हजारांच्या आतच असेल.”

“मग नाही,” काका म्हणाले. “1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम 66 असे सांगते, की मालवाहू गाडीच्या मालकाने सार्वजनिक जागी गाडी वापरायची ती परवान्याच्याच अटींवर, आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात जी अपवादांची मालिका आहे, तीत तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाड्या सोडून दिल्या आहेत. हे वजन रिकाम्या गाडीचे नव्हे, की त्या दिवशी काट्यावर भरेल तेही नव्हे. नोंदणीपुस्तकात मालासह कमाल म्हणून जे लिहिले आहे ते. पिकअप घ्यायला गेलास तर मात्र पुस्तक आधी वाच. एक नमुना तीन हजारांच्या आत बसतो, त्याच्याच शेजारी उभा असलेला दुसरा बसत नाही. परवाना नको म्हणजे काहीच नको, असेही समजू नकोस. पासिंग, विमा, कर, चालकाची अनुज्ञप्ती, यांतले काही सुटत नाही.”

इथे मला एक विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. आपल्या भाषेत परवाना हा शब्द फार राबवून घेतलेला आहे. बंदुकीचा परवाना, दारूचा परवाना, गाडी चालवण्याचाही परवाना. परिवहन खात्याने मोठ्या कसोशीने चालकाच्या कागदाला अनुज्ञप्ती आणि गाडीच्या कागदाला परवाना अशी वाटणी केली, तर रस्त्याने दोन्ही शब्द बाजूला सारून लायसन आणि परमिट हे कायम केले. मूळ फारशीत परवाना म्हणजे हुकूमनामाही आणि दिव्यावर झेपावणारा पतंगही. या दोन अर्थांचा संबंध कोशकारांना काय वाटायचा तो वाटो, सीमेवरच्या नाक्याचा दिवा पाहून गाडीचा वेग कमी करणाऱ्या चालकाला तो समजावून सांगण्याची गरज पडू नये.

शेठने उत्तर ऐकून घेतले, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. “म्हणजे तीन हजार किलोला रस्ता मोकळा आणि तीन हजार एकला बंद. काका, मला हे कधी समजलेच नाही. गाडीची नोंद सरकारकडे आहे, कर भरला आहे, दर ठरल्या मुदतीला पासिंग होते, टोल कापला जातो, विमा आहे. एवढे सगळे झाल्यावर मग हे परमिट नेमके कशाचे? ते नाकारले गेलेले मी आजवर पाहिले नाही. जे कोणाला नाकारायचेच नाही, ते मागायला तरी का लावायचे?”

“नाकारले गेलेले तू पाहिले नाहीस, तुझ्या वडिलांनी पाहिले आहे,” काका म्हणाले. “हा सगळा पसारा 1939 च्या कायद्याचा. त्याआधी काही वर्षे मिचेल आणि कर्कनेस या दोन साहेबांनी मोटार आणि रेल्वे यांच्या स्पर्धेची चौकशी केली होती. रेल्वेत सरकारचा अफाट पैसा गुंतलेला, आणि मोटारवाला येऊन तिचा मलईदार माल उचलून नेतो, ही तेव्हाची तक्रार. मग कायद्यातच तरतूद झाली, की रस्ता आणि रेल्वे यांचा मेळ घालण्यासाठी लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीवर सरकारने बंधन घालावे किंवा ती मनाईच करावी. परमिट तेव्हा मोजून मिळत. ज्याच्याकडे होते त्याच्याकडे वतन होते. दुसऱ्याचा माल भाड्याने नेणारी गाडी पब्लिक कॅरिअर, स्वतःचाच माल नेणारी प्रायव्हेट कॅरिअर, असे दोन निराळे वर्ग असत, आणि जुन्या गाड्यांच्या कपाळावर ते शब्द रंगवलेले तू लहानपणी वाचलेच असशील.”

“म्हणजे रेल्वेला वाचवण्यासाठी,” शेठ हसला. बऱ्याच दिवसांनी तो हसला असावा. “आणि आमच्या गावाला रेल्वे आलीच नाही. जी गाडी कधी शिट्टी वाजवत आली नाही, तिच्यासाठी आम्ही तीन पिढ्या परमिट काढले.”

या वाक्यावर काकांना तत्काळ उत्तर सुचले नाही, आणि मला सांगितले पाहिजे, की त्या क्षणी माझा कौल शेठकडे होता. एखाद्या निर्बंधाचे कारण नाहीसे झाल्यावर निर्बंध मात्र टिकून राहावा, आणि नव्या कारणांची वस्त्रे लेवून त्याने पुन्हा दरबारात हजर व्हावे, हे आपल्या राज्यकारभारात नवे नाही. पण काका वकील होते.

“कारण गेले हे खरे,” ते म्हणाले, “आणि कायद्याने ते ओळखलेही. 1954 साली सगीर अहमद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक रस्त्यावर धंद्यासाठी गाडी चालवणे ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. सरकारने त्याचे नियमन करावे, मालकी सांगू नये. पुढे 1988 चा कायदा आला, त्यात प्रायव्हेट आणि पब्लिक हा भेद मिटला आणि परवान्याचा अर्ज प्राधिकरणाने सामान्यतः नाकारू नये असे लिहिले गेले. तू म्हणतोस ते बरोबर, नाकारत नाहीत. पण म्हणून तो निरर्थक होत नाही. जन्माची नोंदसुद्धा कोणी नाकारत नाही.”

“जन्माची नोंद दर पाच वर्षांनी नवी करावी लागत नाही,” शेठ म्हणाला.

यानंतर संभाषण कोणत्या गाडीला काय लागते याकडे वळले, आणि त्यात शेठचे ज्ञान काकांपेक्षा तसूभरही कमी नव्हते, कारण काका जे ग्रंथातून शिकले होते ते तो दंड भरून शिकला होता. महाराष्ट्राच्या आत माल वाहायचा तर राज्याचा माल परवाना, मुदत पाच वर्षे. राज्याबाहेर जायचे तर एक तर त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी, नाहीतर तात्पुरता परवाना, जो एका वेळी चार महिन्यांपलीकडे मिळत नाही, नाहीतर नॅशनल परमिट. दोन आसांची गाडी बारा वर्षांवर गेली, की तिला नॅशनल परमिट मिळत नाही. बहुआसी गाडीला पंधरा वर्षे. गाडी रिकामी होती, हा बचाव चालत नाही, कारण कलमातच लिहिले आहे, की माल असो वा नसो; आणि ‘साहेब, रिकामीच चाललो होतो’ हे वाक्य काकांनी आयुष्यात इतक्या वेळा ऐकले होते, की ते उच्चारताना त्यांनी चालकाचा आवाजही हुबेहूब काढला. उलट बंद पडलेली गाडी ओढून नेणारी, अग्निशमनाची, रुग्णवाहिका, प्रेत वाहणारी, यांना परवाना नको. आणि 2018 च्या ऑक्टोबरपासून विजेवर चालणाऱ्या मालगाड्यांनाही नको. हे शेवटचे ऐकून शेठने पुतण्याच्या गाडीचा विचार पुन्हा एकदा केल्यासारखे दिसले.

“नॅशनल परमिटचे बरे झाले, एवढे मी मान्य करतो,” तो म्हणाला. “पूर्वी ज्या ज्या राज्यात जायचे त्या त्या राज्याच्या नावाने वेगळा डिमांड ड्राफ्ट. भाऊ बँकेत दिवस घालवायचा. एक ड्राफ्ट चुकला, की ते राज्य बंद. 2010 पासून एकच रक्कम, वर्षाला पंधरा हजार, पुढे साडेसोळा, आणि सारा देश मोकळा. पण मोकळा म्हणजे कसा, तेही सांगतो. इंदूरला सळया टाकल्या. परतीचा माल इंदुरात नाही, भोपाळचा मिळतो. तो घेता येत नाही. परराज्यातली गाडी त्याच राज्यातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी माल नेऊ शकत नाही. मग गाडी रिकामी आणायची, नाहीतर दोन दिवस थांबून महाराष्ट्राचाच माल मिळवायचा. सारा देश एक म्हणता, आणि इंदूर ते भोपाळ मी परका.”

“तिथल्या मालकांनी खायचे काय?” काका म्हणाले. “साऱ्या देशाच्या गाड्या हंगामात एकाच राज्यात उतरल्या, तर तिथल्या दोन गाड्यांच्या मालकाचे, म्हणजे तुझ्यासारख्याच माणसाचे, भाडे कोसळेल. आणि कर तर तू महाराष्ट्राला भरतोस.”

“हंगामात इथे गाड्या कमी पडतात तेव्हा हेच का आठवत नाही?”

या मुद्द्यावर माझे मत विचारले गेले नाही, तरी ते असे, की शेठचे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. डिझेल जाळून रिकामी परत येणारी दहा टायरी गाडी कोणत्याच राज्याचे हित साधत नाही. परंतु काकांनी पुढे जे सांगितले ते मात्र मी विसरणार नाही, आणि आमच्या गावातल्या कोणीही विसरू नये.

“परका,” ते म्हणाले. “तू इंदुराचे म्हणतोस. अरे, जालना परका होता. इथून तासाभराची वाट, आणि मध्ये राज्याची हद्द. आपण वऱ्हाडात. वऱ्हाड निजामाचे, पण 1853 च्या तहाने कंपनीच्या कारभारात गेलेले आणि 1902 साली कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिलेले. जालना खुद्द निजामाच्या मुलखात. इथे कलदार रुपया, तिथे हाली शिक्का. तिथे करोडगिरीचे नाके. कापसाचा गाडा इकडून निघाला, की बैल थकण्याआधी सरकार बदलत असे. स्वातंत्र्य आले, पोलीस कारवाई झाली, निजाम गेला, तरीही देऊळगाव राजा मध्य प्रदेशात आणि जालना हैदराबाद राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला दोन्ही मुंबई राज्यात आले, आणि 1960 च्या 1 मेपासून महाराष्ट्रात. एका राज्याच्या परमिटावर दुसऱ्या राज्यात जायला प्रतिस्वाक्षरी लागते हा नियम तेव्हाही होताच. म्हणजे आज तू ज्या रस्त्यावर चहा पिण्यापुरताही थांबत नाहीस, तो रस्ता तेव्हा परराज्यात शिरत होता. हद्द उठली त्या रात्री रस्ता तोच राहिला, बैल तेच, माल तोच. फक्त कागद बदलला.”

“मग हेच तर मी म्हणतो,” शेठ म्हणाला. “हद्द कागदावरच होती.”

“हद्द कागदावरच असते. माणूस कोणाला जबाबदार, हेही कागदावरच असते.” इथे काकांचा स्वर बदलला, आणि मला जाणवले, की इतका वेळ ते बोलत होते ते केवळ वादाच्या रंगात, आता ते जे सांगणार ते न्यायालयातून आणलेले होते. “राहदारी म्हणजे काय? जकातीच्या नाक्यावर लमाणांचा तांडा येई, तेव्हा नाकेदार मालाची मोजदाद करी ती नंतर. पहिला प्रश्न, तांडा कोणाचा. तेच परमिटाचे. तुझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना मालकाचे नाव आणि गाव रंगवलेले असते, ते हौसेने नव्हे. परवान्याच्या अटींतच तसे लिहिले आहे. गाडीने एखाद्याला उडवले, घरचा कर्ता गेला, त्याची बायको दावा करते. विमा कंपनी पहिला आक्षेप कोणता घेते? परमिट होते का. 2018 साली अमृतपाल सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परवान्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे ही विम्याच्या अटींची मूलभूत पायमल्ली. कंपनीने भरपाई त्या बाईला आधी द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. समजले? बाईला मिळेल, पण तुझ्या शेतातून. दहा हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंतची कैद ही 2019 च्या दुरुस्तीनंतरची शिक्षा. गाडी अडकवून ठेवतील ती निराळीच. पण दंडाने माणूस बुडत नाही. वसुलीने बुडतो.”

शेठने टोपी उचलून पुन्हा खाली ठेवली. “माणूस तडफडत असला तरी हीच अट?”

“नाही. तेवढे शहाणपण कायद्याला आहे. आजारी वा जखमी माणसाला नेण्यासाठी, संकटात सापडलेल्यांना अन्न-औषध पोहोचवण्यासाठी निकडीने गाडी वापरली, तर ती शिक्षा लागू नाही. सात दिवसांत प्राधिकरणाला कळवले पाहिजे, इतकेच.”

बाहेर रस्त्यावरून एक टिप्पर गेले. खडकपूर्णेची वाळू असावी. तिला परिवहन खात्याच्या परवान्याखेरीज महसुलाचा वाहतूक पास लागतो, पण त्या विषयाला आम्ही तिघांनीही तोंड फोडले नाही, कारण तो रात्रभराचा विषय आहे. काकांच्या सूनबाईंनी चहा आणून ठेवला. तो निवत असताना काका सहज विचारावे तसे म्हणाले, “थोरल्याची गाडी सध्या कुठे आहे?”

“हैदराबादला. बियाणे घेऊन गेली. उद्या निघेल.”

“तिचे नॅशनल परमिट?”

“आहे की. मार्चपर्यंत आहे. भावानेच भरले होते.”

“कोणाच्या नावाने?”

शेठ बोलला नाही.

“परमिट गाडीचे असते असे सगळे समजतात,” काका म्हणाले. “ते गाडीचे नसते, माणसाचे असते. माणूस गेला की कलम 82. ज्याच्या ताब्यात गाडी वारशाने आली, त्याने मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत प्राधिकरणाला कळवायचे, की परवानाधारक वारला आणि हा परवाना मी वापरणार आहे. तसे कळवले तर तीन महिने तो जुन्या परवान्यावर आपल्याच नावचा असल्यासारखी गाडी चालवू शकतो, आणि त्याच तीन महिन्यांत नाव बदलून मिळण्याचा अर्ज करायचा. कळवले नाही, तर हैदराबादहून उद्या निघणारी गाडी बिनपरवान्याची. मार्चपर्यंत भरलेले असो, नाहीतर जूनपर्यंत.”

“हे मला कोणी सांगितले नाही.”

“आज कितवा दिवस?”

शेठ बोटांवर मोजू लागला. दहावा, तेरावा, हे दिवस त्याच्या ओठांवर होते. त्यानंतरचे दिवस त्याने मोजले नव्हते. यात्रेच्या कोणत्या दिवशी आपण घाटावर होतो ते आठवून, पुन्हा मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन तो म्हणाला, “सव्वीस. नाही, सत्तावीस.”

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी उठून त्यांच्या टेबलावरचे कोरे कागद आणि पेन आणून दिले. गेली काही वर्षे त्यांचा हात कापतो, म्हणून अर्ज मी लिहायचा आणि मजकूर त्यांनी सांगायचा, असे आमचे ठरलेले आहे. मी तारीख घातली, प्रति म्हणून प्राधिकरणाचे नाव घातले, एमएच 28 ने सुरू होणारा गाडीचा क्रमांक शेठने तोंडपाठ सांगितला, इंजिनाचा आणि चासीचाही सांगितला.

“अर्जदार,” काका म्हणाले. “माझे लिहा,” असे शेठ मला म्हणाला, तेव्हा काकांनी हात वर केला.

“तुझे कसे? गाडी थोरल्याची. बायको आहे, दोन मुले आहेत. वारस ते. गाडी चालवायची व्यवस्था तू बघ, पण कागद वहिनीचा. तिचे पूर्ण नाव सांग, आधार कार्डावर आहे तसे.”

शेठने तोंड उघडले आणि मिटले. तेवीस वर्षे त्याने तिला वहिनी म्हटले होते; तिच्या हातचे खाल्ले होते, तिच्या नावाने दिवाळीची साडी घेतली होती. लग्नात ठेवलेले नाव एक, माहेरचे दुसरे, आणि आधारवर यांतले कोणते आहे, वडिलांचे लावले आहे की नवऱ्याचे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने मोबाइल काढला, घरी लावला, आणि पलीकडे मुलाचा आवाज येताच ओसरीच्या पायरीपर्यंत जाऊन, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवत म्हणाला, “अरे, आईला विचार. नाही, तिलाच दे. वहिनी, तुमचे आधारवरचे नाव काय आहे?”